बीजसंस्कार : चिमूटभर क्षारांचा इतिहास

आमटींत मीठ घालावयास विसरलें तर तें पहिल्या घासालाच कळतें. परंतु मीठ बरोबर पडलें असेल तर त्याची आठवणही कोणास होत नाहीं. थोडक्या वस्तूंचें जगांत असेंच आहे. त्या असतात तोंवर दिसत नाहींत, आणि नसल्या म्हणजे सारी पाकसिद्धि व्यर्थ जाते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो अशाच थोडक्या वस्तूंचा आहे. आपल्या स्वयंपाकघरांत सोयाबीनचें तेल येतें. त्या तेलाच्या मागें शेत आहे, शेतामागें बियाणें आहे, आणि त्या बियाण्यास पेरणीपूर्वीं चोळलेला एखादा चिमूटभर क्षारही असूं शकेल. त्या चिमटीपर्यंत माणसाची बुद्धि कशी पोंचली, त्याची ही हकीकत आहे.

हा विषय शेतकीचा. तो शहरांतल्या मंडळींनीं कां ऐकावा, असें कोणी विचारील. माझें उत्तर एवढेंच कीं, ज्ञान कसें वाढतें, आणि अर्धवट वाढलेलें ज्ञान बाजारांत आलें म्हणजे त्याची किंमत कोण मोजतो, हें समजण्यास यासारखें दुसरें चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

‘बीजसंस्कार’ ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्ष, म्हणजे राजाच्या शेतीवरील अधिकारी, याचीं कर्तव्यें सांगतांना बियाण्यावर करावयाचे उपचार दिले आहेत. धान्याचें बीज सात रात्रींपर्यंत दंवांत ठेवावें आणि उन्हांत वाळवावें. शेंगांतलीं धान्यें असतील तर तीन किंवा पांच रात्री पुरेत. उंसासारख्या कांड्यांनीं लावावयाच्या पिकांचीं कापलेलीं टोकें मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांच्या मिश्रणानें लिंपावीं. कठीण बियांस शेणाचा लेप द्यावा, असे ते नियम आहेत. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत दूध, शेण, मध आणि वावडिंग यांचा उपयोग सांगितला आहे. सरकीला शेणमातीनें चोळून मग पेरण्याची रीत तर आपल्या कापूसपट्ट्यांतील वृद्ध शेतकऱ्यांनीं स्वतः पाळलेली आहे.

यावरून आमच्या पूर्वजांस आजचें रसायनशास्त्र अवगत होतें, असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. त्यांस एक गोष्ट उमजली होती, आणि ती लहान नव्हे: सबंध शेतास जें देणें परवडत नाहीं, तें एका दाण्यास देतां येतें, आणि बाळपणीं मिळालेलें पोषण जन्मभर उपयोगीं पडतें. काय द्यावें व किती द्यावें, हें कळण्यास मात्र पुढें फार काळ जावा लागला.

युरोपांत या विद्येचा आरंभ पोषणापासून झाला नाहीं, तर रोगापासून झाला. गव्हाच्या कणसांत दाण्याऐवजीं काळी दुर्गंधी भुकटी भरते, त्या रोगानें तिकडील शेतकरी त्रासून गेले होते. १७५५ सालीं तिये नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें ही काळी भुकटी निरोगी बियाण्यास लावली असतां रोग पसरतो, हें प्रयोगानें दाखविलें. पुढें १८०७ सालीं फ्रान्सांतील मोंतोबां गांवीं शिकविण्याचें काम करणाऱ्या बेनेदिक्त प्रेव्हो यानें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्या भुकटीचे कण पाहिले व ते सजीव बीजकण आहेत असें सिद्ध केलें. तांब्याच्या भांड्यांतील पाण्यांत हे कण रुजत नाहींत, असें त्याच्या ध्यानीं आलें. त्यावरून मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, विरळ द्रावणांत गहूं भिजवून पेरण्याची युक्ति निघाली. अत्यल्प क्षार बियाण्यास लावून सबंध शेत वांचवितां येतें, याचा हा पहिला ठळक शास्त्रीय पुरावा होय.

इकडे दुसरा एक प्रश्न पंडितांपुढें उभा होता. वनस्पति खाते तरी काय? १८४० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचा शेतकीच्या रसायनावरील ग्रंथ निघाला आणि खनिज द्रव्यांकडे सर्वांचें लक्ष वेधलें. ज्या द्रव्याची सर्वांत अधिक टंचाई, तेंच पिकाची मर्यादा ठरवितें, हा जो नियम लीबिगच्या नांवानें प्रसिद्ध आहे, तो श्प्रेंगेल नांवाच्या त्याच्याच देशबांधवानें आधीं मांडला होता. नियम मात्र खरा आहे. पिंपाची एकच फळी आंखूड असली तर पाणी तिच्याच उंचीपर्यंत राहतें. बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत.

लीबिगच्या ग्रंथानंतर थोड्याच वर्षांनीं, १८४३-४४ च्या सुमारास, फ्रान्सांत ग्री या गृहस्थानें द्राक्षवेलींच्या पिंवळ्या पडलेल्या पानांस लोहाच्या क्षाराचें पाणी लाविलें, तों जेथें पाणी लागलें तेथें पान पुन्हा हिरवें झालें. १८६० च्या सुमारास जर्मनींत साक्स आणि क्नोप या दोघांनीं मातीशिवाय, केवळ क्षारांच्या पाण्यांत, रोपें वाढवून दाखविलीं. या प्रयोगांवरून असा सिद्धांत निघाला कीं, वनस्पतीस दहा मूलद्रव्यें पुरतात: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि यत्किंचित् लोह. हा दहांचा आंकडा पुढें कित्येक वर्षें शाळांतून पाठ करवून घेतला जात असे.

आंकडा चुकीचा होता. परंतु तो चुकला कां, हें पाहण्याजोगें आहे. त्या काळचीं रसायनें शुद्ध नव्हतीं. ज्या क्षारांत स्फुरद किंवा पालाश असे, त्यांतच जस्त, तांबें, मँगॅनीज यांचे अदृश्य कण मिसळलेले असत. कांचेच्या भांड्यांतूनही कांहीं द्रव्यें पाण्यांत उतरत. रोपटें तीं चोरून खाई, आणि प्रयोग करणारा समजे कीं, तें दहांवरच जगतें. अशुद्धतेमुळें सत्य झांकलें गेलें, तें असें.

ही झांकण पहिल्यानें किंचित् उचलली ती पाश्चरचा शिष्य रोलें यानें. १८६९ सालीं त्यानें दाखविलें कीं, काळ्या बुरशीच्या वाढीस जस्ताचा अंश अवश्य लागतो. १८९७ सालीं बेर्त्रां यानें मँगॅनीजचें वनस्पतीच्या शरीरांतील कार्य सुचविलें. परंतु विषयाला खरी दिशा दिली ती १९२३ सालीं इंग्लंडांतील रॉथॅम्स्टेड येथील कॅथरीन वॉरिंग्टन या विदुषीनें. विनिफ्रेड ब्रेंचली या तेथील वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख असतां, वॉरिंग्टनबाईंनीं द्विदल वर्गांतील एका शेंगेच्या पिकावर प्रयोग करून बोरॉन अवश्य आहे असें सिद्ध केलें. बोरॉन म्हणजे आपल्या टाकणखारांतील मूलद्रव्य. तें न मिळालेल्या रोपांचे शेंडे मरत, आणि अत्यल्प बोरॉन दिला कीं रोपें नीट वाढत. १९२६ सालीं कॅलिफोर्नियांत ॲना सॉमर व लिपमन यांनीं अतिशय शुद्ध केलेलीं रसायनें वापरून जस्त आणि बोरॉन यांची आवश्यकता कायम केली. तांब्याचा क्रम १९३१ सालीं लागला. या प्रकरणाच्या आरंभीं दोन स्त्रियांचीं नांवें इतकीं ठळकपणें येतात, हें आपल्या घरांतल्या मुलींना मुद्दाम सांगावें.

आतां सोयाबीनकडे वळूं. त्यासाठीं डाळीच्या पिकांचें जुनें कोडें आधीं सोडवावें लागतें. हरभरा, तूर, मूग यांच्यामागून पेरलेलें धान्य चांगलें येतें, हें शेतकऱ्यांस शतकानुशतकें ठाऊक होतें. त्याचें कारण १८८६ सालीं हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं सांगितलें. या पिकांच्या मुळांवर ज्या गांठी असतात, त्यांतील जीवाणु हवेंतील नत्रवायु धरून तो वनस्पतीस देतात. १८८८ सालीं हॉलंडांत बायेरिंक यानें हे जीवाणु वेगळे काढून वाढविले, आणि १८९५-९६ च्या सुमारास नोब्बे व हिल्टनर यांनीं असे जीवाणु बियाण्यास लावण्यासाठीं तयार करून विकण्याचें हक्कपत्र घेतलें. बियाण्यास क्षार लावण्याची रीत होतीच. आतां जिवंत प्राणीही लावण्याची रीत सुरू झाली. हे दोघे पाहुणे एकाच दाण्यावर उतरले म्हणजे त्यांचें जमतें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र तेव्हां कोणाच्या डोक्यांत आला नव्हता. तो पुढें येणार होता.

१९३० सालीं बोर्टेल्स या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, मोकळ्या जमिनींत राहून नत्र धरणाऱ्या एका जीवाणूस मॉलिब्डिनम नांवाच्या धातूचा अंश लागतो. १९३९ सालीं कॅलिफोर्नियांत आर्नन व स्टाउट यांनीं टोमॅटोच्या रोपांसही तो लागतो असें सिद्ध केलें. हा धातु तोंवर पोलादाच्या कारखान्यांत प्रसिद्ध होता. शेतांत त्याचें काय काम, असें कोणासही वाटलें असतें. परंतु १९४२ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांत अँडरसन यानें जें पाहिलें, त्यानें हा प्रश्न प्रयोगशाळेंतून उठून कुरणांत आला. ॲडलेडजवळच्या डोंगराळ, लोहमिश्रित जमिनींत क्लोव्हर नांवाचें चाऱ्याचें द्विदल नीट वाढत नसे. परंतु लांकडाची राख पडलेल्या जागीं तें जोमानें येई. राखेंत असें काय आहे, याचा शोध घेतां घेतां तो मॉलिब्डिनमपर्यंत पोंचला. एकरीं कांहीं औंस क्षारानें पडीक माळ हिरवा झाला. मुळावरच्या गांठींतील जीवाणु ज्या यंत्रानें नत्र धरतात, त्या यंत्राच्या घडणींतच लोह आणि मॉलिब्डिनम हे दोन धातु आहेत, हें आतां आपणांस ठाऊक आहे. धातु नाहीं तर यंत्र नाहीं; यंत्र नाहीं तर नत्र नाहीं; आणि नत्र नाहीं तर दाण्यांत प्रथिन कोठून यावें?

सोयाबीनच्या संबंधानें आणखी तीन शोध सांगण्यासारखे आहेत. १९३९ सालीं जपानांत कुबो यानें सोयाबीनच्या गांठींतील तांबडें द्रव्य आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्याच जातीचें आहे असें ओळखलें. म्हणून जिवंत, काम करणारी गांठ नखानें फोडली तर आंतून गुलाबी दिसते. १९६० सालीं अमेरिकेंत अहमद व इव्हान्स यांनीं, हवेंतील नत्रावर वाढणाऱ्या सोयाबीनला कोबाल्टचा अंश लागतो, कारण तो त्याच्या जीवाणूंस लागतो, असें दाखविलें. आणि १९८३ सालीं एस्क्यू, वेल्च व केरी यांनीं दाखविलें कीं, निकेल मिळालें नाहीं तर सोयाबीनच्या पानांत युरिया सांचून पानांचीं टोकें करपतात. दहा मूलद्रव्यांचा जुना पाठ असा हळूहळू वाढत गेला.

आतां हे धातु द्यावयाचे कसे? येथें थोडें गणित करूं. शाळामास्तराची ती संवय आहे, ती श्रोत्यांनीं सहन करावी. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या वीतभर थरांत सुमारें २२ लाख किलो माती असते. त्यांत २० ग्रॅम मॉलिब्डिनम सारखें पसरावयाचें म्हणजे एखाद्या तलावांत चमचाभर साखर घालून पाणी गोड करण्यासारखेंच आहे. उलट त्याच हेक्टराला लागणारें सोयाबीनचें बियाणें सुमारें ७५ किलो असतें. दाणे मोजले तर सहा लाखांच्या आसपास. तेंच २० ग्रॅम या दाण्यांवर चढविलें तर प्रत्येकाच्या वांट्यास एका मिलिग्रॅमचा सुमारें तिसावा भाग येतो, आणि तो नेमका कोवळ्या मुळाशींच असतो. बीजसंस्काराची सारी युक्ति या एका हिशोबांत आहे.

या युक्तीचा उपयोग प्रथम जेथें जमीन आंबट, म्हणजे आम्लधर्मी, तेथें झाला. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत सोयाबीनवर मॉलिब्डिनम व चुना यांचे प्रयोग झाले, त्यांचा वृत्तांत पार्कर व हॅरिस यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केला. ब्राझीलमध्यें योहाना डोबेराइनर या शास्त्रज्ञ स्त्रीनें जीवाणूंवर सोयाबीन वाढविण्याचा आग्रह धरला. तो तेथें इतका रुजला कीं, त्या विस्तीर्ण देशांत सोयाबीनला नत्रखत जवळजवळ देतच नाहींत. त्याच देशांत हेक्टरीं १२ ते २५ ग्रॅम मॉलिब्डिनम आणि २ ते ३ ग्रॅम कोबाल्ट देण्याची शिफारस झाली. तराजूंत घातलें तर एका पोस्टाच्या पाकिटाएवढें वजन. परंतु कोट्यवधि रुपयांच्या नत्रखताशीं त्याची बरोबरी.

आपल्या देशांत सोयाबीनचें नांव शहरांतल्या सुशिक्षितांच्या कानीं पडलें तें शेतापेक्षां स्वयंपाकघरांतून. बडोदें संस्थानच्या अन्नविषयक खात्यांतील काळे यांनीं १९३६ सालीं सोयाबीनवर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांत लागवडीबरोबर पाककृतीही दिल्या. महात्मा गांधींनीं १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत सोयाबीनचे आहारप्रयोग करून ‘हरिजन’ पत्रांत त्यावर लिहिलें. तरी पीक म्हणून तें पसरलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत जबलपूर व पंतनगर येथील कृषि विद्यापीठांनीं अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्यानें काम हातीं घेतलें, १९६७ सालीं अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, आणि मग माळव्याच्या काळ्या जमिनींत हें पीक स्थिरावलें. पुण्यांत १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनें, जिच्या संशोधनसंस्थेस पुढें आघारकरांचें नांव देण्यांत आलें, सोयाबीनच्या अनेक जाती तयार केल्या. मराठवाड्याच्या व विदर्भाच्या शेतांतून जेथें ज्वारी व कापूस दिसे, तेथें आज पावसाळ्यांत सोयाबीन दिसतें.

सूक्ष्म द्रव्यांचा धडाही याच दशकांत आपल्याकडे गिरविला गेला. पंतनगरच्या तराई भागांत भाताच्या पानांवर कातासारखे तपकिरी डाग पडून पीक खुंटे. लोक त्यास ‘खैरा’ म्हणत. हा जंतूंचा रोग असावा अशी समजूत होती. १९६६ सालीं यशवंत लक्ष्मण नेने यांनीं तो रोग नसून जस्ताची उणीव आहे असें दाखविलें. हेक्टरीं ५ किलो जस्ताचें सल्फेट व अडीच किलो विरविलेला चुना १००० लिटर पाण्यांत मिसळून फवारला कीं पीक सांवरे. हेच नेने पुढें भारतीय शेतीच्या इतिहासाकडे वळले, आणि सुरपालाचा वृक्षायुर्वेद त्यांच्या संस्थेनें १९९६ सालीं इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. जुना बीजसंस्कार आणि नवें जस्त यांची गांठ अशी एका माणसाच्या आयुष्यांत पडली.

येथवर सर्व यशाचीच कथा झाली. परंतु इतिहास येथेंच संपविला तर तो श्रोत्यांची फसवणूक होईल.

कांहीं पावसाळ्यांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी, लातूरकडे कोरडवाहू शेती करणारा, मला भेटावयास आला. वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यानें सोयाबीनचीं चार रोपें आणलीं होतीं. तो म्हणाला, “गुरुजी, यंदा पैशाकडे पाहिलें नाहीं. दुकानदारानें तीन पुड्या दिल्या: एक बुरशीची, एक जस्त-मॉलिब्डिनमची, एक जीवाणूंची. तिन्ही एका बादलींत कालवून बियाण्यास चोळल्या. शेजाऱ्यानें कांहींच लावलें नाहीं, त्याचें पीक माझ्याहून बरें आहे. असें कां व्हावें?”

आम्हीं दोघांनीं मिळून मुळें धुतलीं. गांठी तुरळक होत्या. फोडल्या तर आंतून मातकट निघाल्या, गुलाबी एकही नाहीं. मी कांहीं शेतकीचा पदवीधर नव्हें. मीं त्याला जवळच्या कृषि महाविद्यालयांत पाठविलें; तेथील जाणत्यांनीं जें सांगितलें तें त्यानें मला परत येऊन सांगितलें. त्यांतील प्रत्येक शब्द मीं वर सांगितलेल्या इतिहासांत बसतो.

पहिली गोष्ट अशी कीं, बुरशीचें विष, तीव्र क्षार आणि जिवंत जीवाणु हे एका बादलींत नांदत नाहींत. १८०७ सालीं तांब्याचें जें पाणी बुरशीचे कण मारीत होतें, त्याच जातीचें द्रावण उपकारक जीवाणूंस तरी कसें सोडील? ब्राझीलच्या शास्त्रज्ञांसही पुढें हेंच आढळलें: मॉलिब्डिनम-कोबाल्टचे क्षार जीवाणूंबरोबर एकदम लावले तर जीवाणु मरतात व गांठी कमी होतात. म्हणून तेथें तीं द्रव्यें पानांवर फवारण्याची, किंवा मॉलिब्डिनम भरपूर मिळालेल्या पिकाचेंच दाणे बियाण्यास ठेवण्याची रीत निघाली. आपल्याकडील नियमही असाच आहे: बुरशीनाशक आधीं, तें वाळल्यावर, अगदीं शेवटीं, पेरणीच्या तोंडावर, सावलींत जीवाणु. शिवाय सोयाबीनच्या दाण्याचें साल फार नाजूक. तें जोरानें घासलें तर फुटतें, आणि हरभऱ्यासारखें रात्रभर भिजत घातलें तर पाणी झपाट्यानें शोषून दाणा दुखावतो. हरभऱ्यास जें मानवतें तें सोयाबीनला मानवेलच असें नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ऑस्ट्रेलियाचा तो डोंगर, जॉर्जियाचें शेत आणि ब्राझीलचा माळ या जमिनी आंबट आहेत; आंबट जमिनींत मॉलिब्डिनम अडकून पडतें. आमची काळी जमीन चुनखडीची. तिच्यांत मॉलिब्डिनम सहसा मोकळें असतें. अडकतें तें जस्त आणि लोह. म्हणून तेथील पुडी येथें आणून चोळली तर उणें नव्हतें तें भरलें, आणि उणें होतें तें तसेंच राहिलें, असा प्रकार होतो. सह्याद्रीच्या कुशींतील तांबड्या जांभ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती आंबटपणाकडे झुकते. एकाच महाराष्ट्रांत दोन जमिनींना दोन औषधें लागतात, आणि कोणतें लागतें तें मातीचें परीक्षण केल्यावांचून कळत नाहीं. लोहाच्या बाबतींत तर औषधापेक्षां जात बघावी लागते: चुनखडीच्या जमिनींतून लोह घेण्याची शक्ति सोयाबीनच्या कांहीं जातींत आनुवंशिक असते, हें वाइस यानें १९४३ सालींच दाखविलें आहे. पानें पिंवळीं व शिरा हिरव्या दिसूं लागल्या तर लोहाच्या क्षाराचा विरळ फवारा, म्हणजे ग्रीची जुनीच युक्ति, आजही कामास येते.

तिसरी गोष्ट मात्रेची. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत कांहीं कुरणांवर चरणाऱ्या गाईगुरांस हगवण लागून तीं खंगत. १९३८ सालीं कारण सांपडलें: त्या गवतांत मॉलिब्डिनम अधिक होतें, आणि तें जनावरांच्या शरीरांतील तांब्याच्या आड येत होतें. उपाय म्हणून तांब्याचा क्षार दिला, आणि गुरें सुधारलीं. बोरॉनचें तर असें आहे कीं, उणीव आणि विषबाधा यांच्यामध्यें एक अरुंद पायवाटच आहे. एका ठिकाणीं जें मीठ, तेंच दुसऱ्या ठिकाणीं वीख. चिमूट ही चिमूटच राहिली पाहिजे. मूठ झाली कीं उपकाराचा अपकार होतो.

त्या विद्यार्थ्यानें पुढच्या वर्षीं माती तपासून घेतली. जस्त कमी निघालें. तें त्यानें पेरणीपूर्वीं जमिनींत दिलें. बियाण्यास बुरशीनाशक आधीं लावून वाळविलें, आणि जीवाणु शेवटीं. तिसरी पुडी घेतलीच नाहीं. श्रावणांत त्यानें पुन्हा वर्तमानपत्रांत गुंडाळून एक रोप आणलें आणि माझ्यापुढें गांठ फोडली. ती आंतून गुलाबी होती. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, खर्च निम्मा झाला.” पीक किती वाढलें हें मीं विचारलें नाहीं, पाऊसही त्या वर्षीं बरा होता, आणि पावसाचें श्रेय पुडीला देण्याची चूक करणारे लोक आधींच पुष्कळ आहेत.

श्रोतेहो, या सबंध इतिहासांत मला एकच सूत्र दिसतें. प्रेव्होनें आपलें तांब्याचें भांडें पाहिलें, अँडरसननें राख पाहिली, वॉरिंग्टनबाईंनीं मरणारा शेंडा पाहिला, नेन्यांनीं पानावरचा कातरंगी डाग पाहिला. कोणीही आधीं पुडी घेऊन शेताकडे गेला नाहीं. सर्वांनीं आधीं शेताकडे पाहिलें आणि मग पुडी शोधली. बाजार हा क्रम उलटा करतो. तो क्रम पुन्हा सुलटा करणें हें शेतकऱ्याच्या हिताचें आहे, आणि ज्यांच्या घरीं त्याचें तेल व डाळ येते त्या आपल्याही हिताचें आहे.

उद्यां सकाळीं आमटींत मीठ घालतांना क्षणभर हात थांबवावा आणि चिमटीकडे पाहावें. इतकें थोडें, आणि इतकें अवश्य. तें किती घालावें, हें आपल्या घरांतल्या माउलीला कोणत्याही पुस्तकावांचून कळतें, कारण ती आधीं चव घेते. शेतानेंही आपली चव कोणीतरी आधीं घ्यावी, एवढेंच मागितलें आहे.